चौकोनांपेक्षा रेषांवर जास्त वेळ घालवा

पुण्यातल्या आमच्या बावधनच्या सोसायटीत पावसाळ्याआधी रेनवॉटर हार्वेस्टिंगचं काम झालं आणि त्याचं सगळं प्लॅनिंग आम्ही एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर कन्सेप्ट मॅप काढून केलं होतं. ती शीट अजून सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर आहे, आणि ती बघून बरेच जण विचारतात की हे नक्की काय आहे, फ्लोचार्ट आहे का, माइंड मॅप आहे का, आमच्या कंपनीतल्या प्रोजेक्टला चालेल का, मुलीच्या अभ्यासाला चालेल का. प्रत्येकाला लिफ्टपाशी उभं राहून थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मला ही पद्धत मनापासून आवडते, आणि ती वापरणारे लोक आधीच कमी, त्यातले बरेचसे तिचा सगळ्यात उपयोगी भागच सोडून देतात असं मी खूपदा बघितलंय.

तो भाग म्हणजे रेषेवर लिहिलेले शब्द.

कन्सेप्ट मॅपमध्ये चौकोनात (किंवा गोलात, काही फरक पडत नाही) एकेक गोष्ट लिहायची, दोन चौकोन रेषेने जोडायचे, आणि त्या रेषेवर लिहायचं की हे दोन का जोडलेत. म्हणजे नुसतं 'गच्चीचा उतार' आणि 'पाईपची जागा' असे दोन चौकोन जोडून काही होत नाही, मध्ये 'ठरवतो' लिहिलं की वाचता येतं, गच्चीचा उतार ठरवतो पाईपची जागा. चौकोन, रेष, चौकोन मिळून एक पूर्ण वाक्य झालं. आणि वाक्य झालं की त्याला खरं किंवा खोटं म्हणता येतं, ज्याला गच्ची माहितीये तो लगेच म्हणू शकतो की नाही हो, आपल्याकडे उताराने नाही ठरत, आपल्याकडे पाईप आधीच डक्टमध्ये आहेत आणि उतार त्यांच्याकडे दिलाय. नुसत्या दोन चौकोनांशी कुणी वाद घालू शकत नाही, वाक्याशी घालू शकतो. माझ्या मते सगळी किमया इथेच आहे.

माइंड मॅपशी लोक याची गल्लत करतात ती इथेच. माइंड मॅप टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केला, बीबीसीवर १९७४ साली त्यांचा कार्यक्रमही होता. त्यात मधे एक विषय, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, रंग, चित्रं. डोक्यातलं भराभर बाहेर काढायला तो छान आहे, मीही वापरते. पण त्यात फांदीवर 'का' लिहिलेलं नसतं आणि एका फांदीवरचं पान दुसऱ्या फांदीला सहसा जोडत नाहीत. प्रोजेक्टमध्ये तर सगळी भानगड नेमकी दोन वेगळ्या फांद्यांच्या मध्येच असते.

कन्सेप्ट मॅपचा जन्म कुठे झाला ते मला वाचल्यावर फार आवडलं होतं, कारण तो प्लॅनिंगसाठी झालाच नव्हता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांची टीम लहान मुलांना विज्ञान कसं समजतं यावर काम करत होती. पहिली-दुसरीतली मुलं, त्यांना विज्ञानाचे धडे द्यायचे आणि मग ती मुलं मोठी होताना पुन्हा पुन्हा त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, असा १२ वर्षं चाललेला अभ्यास. आता विचार करा, एवढ्या मुलाखती, प्रत्येकीची पानंच्या पानं, त्यातून एखाद्या मुलाची समज गेल्या वेळेपेक्षा कुठे बदलली हे शोधायचं कसं? म्हणून १९७२ साली त्यांनी प्रत्येक मुलाखतीतली वाक्यं अशी चौकोन-रेष-चौकोन करून मांडायला सुरुवात केली. डेव्हिड ऑझुबेल या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांतावर ते काम करत होते, त्याचं म्हणणं असं की नवीन शिकताना सगळ्यात महत्त्वाचं काय तर शिकणाऱ्याला आधीपासून काय माहितीये ते, नवीन गोष्ट जुन्याला जोडली गेली तरच ती खऱ्या अर्थाने समजते. म्हणजे मुळात हा मॅप 'या माणसाच्या डोक्यात काय कशाला जोडलेलं आहे' हे बघायचं साधन आहे. आणि सोसायटीच्या कमिटीत सात-आठ माणसं एकाच कामाबद्दल बोलत असतात तेव्हा नेमकं हेच बघायची गरज असते, प्रत्येकाच्या डोक्यात ते काम वेगळ्या आकाराचं असतं.

आता आमचं काम. बावधनला उन्हाळ्यात टँकर लागतात हे इकडच्या कुणाला सांगायला नको. मार्चपासून बोअरचं पाणी खाली जायला लागतं, एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला टँकरचा रिव्हर्स हॉर्न ऐकूनच जाग येते. कमिटीने ठरवलं की हार्वेस्टिंग करायचं. त्याआधी आमच्याकडे एक एक्सेल होतं, सेक्रेटरी काकांनी फार मेहनतीने केलेलं, त्यात कामं होती, कोटेशनं होती, तारखा होत्या. त्या शीटला नावं ठेवायची नाहीयेत, ती शेवटी उपयोगी पडलीच. पण एक्सेलमध्ये प्रत्येक काम स्वतंत्र ओळीत असतं, आणि ओळ क्रमांक चारचा ओळ क्रमांक अठराशी काय संबंध आहे ते ओळीत दिसत नाही.

मी अप्पा बळवंत चौकातून मोठ्यातली मोठी ड्रॉइंग शीट आणि चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे आणले आणि क्लब हाऊसच्या टेबलवर पसरले. पहिली गोष्ट म्हणजे शीटच्या डोक्यावर प्रश्न लिहायचा. नोव्हाक यावर फार भर देतात की मॅपला विषय नको, प्रश्न हवा, ज्याचं उत्तर म्हणून मॅप काढायचाय. सेक्रेटरी काकांनी सुचवलं, 'रेनवॉटर हार्वेस्टिंग कसं करायचं?' खजिनदार काकू म्हणाल्या, "अहो पण आपल्याला हार्वेस्टिंग कशाला हवंय? टँकरचं बिल कमी व्हावं म्हणूनच ना?" आणि मग प्रश्न झाला, 'मे महिन्यातले टँकर कशाने कमी होतील?'

या एका बदलाने पुढचं सगळं बदललं. पहिल्या प्रश्नाखाली गच्ची, पाईप, फिल्टर, शोषखड्डा एवढंच आलं असतं. दुसऱ्या प्रश्नाखाली हे सगळं आलंच, शिवाय पाणी जातं कुठे हेपण आलं. बागेला पिण्याचं पाणी जातं, गाड्या धुतल्या जातात, बी विंगच्या वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पहाटे वाहत असतो असं वॉचमन दादा म्हणतात. तो ओव्हरफ्लोचा चौकोन चिकटवला तेव्हा प्लंबर दादा तिथेच होते, ते म्हणाले बॉल कॉक बदलायला झालाय, उद्या करून टाकतो. हार्वेस्टिंगचा एकही खड्डा खणायच्या आधी पाणी वाचायला लागलं, आणि हार्वेस्टिंगच्या एक्सेलमध्ये बॉल कॉकची ओळ कधीही आली नसती.

प्रश्न लिहून झाला की चौकोन जोडायची घाई करू नका. आधी सुचेल ते सगळं चिठ्ठ्यांवर लिहून बाजूला एका कोपऱ्यात लावत जा, त्याला पार्किंग लॉट म्हणतात. मग त्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यांना पोटात घेणारी गोष्ट वर, बारीकसारीक खाली, असं उतरत जायचं. नोव्हाक आणि त्यांचे सहकारी अल्बेर्तो कान्यास यांचा सल्ला असा की एका मॅपमध्ये १५ ते २५ चौकोन पुरे, मीही याच्या फार पलीकडे जात नाही, त्याहून जास्त झाले तर एका चौकोनाचा वेगळा मॅप काढते. काही चिठ्ठ्या शेवटपर्यंत पार्किंगमध्येच राहतात, राहू देत, त्यांना ओढूनताणून जोडायचं नाही.

आणि मग रेषा. इथे मी एक नियम केला होता आणि तो अगदी कडक पाळला, की रेषेवर 'संबंधित आहे' लिहायचं नाही. 'जोडलेलं आहे' नाही, 'महत्त्वाचं आहे' नाही. कारण हे लिहिलं की माणूस विचार करायचा थांबतो. क्रियापद शोधायचं. ठरवतो, अडवतो, लागतं, भरतो, बिघडवतं, परवानगी देतो, पैसे देतो, याच्याशिवाय सुरू होत नाही. सुरुवातीला लोक अडखळतात, 'अगं पण आहे ना संबंध, लिही ना' असं म्हणतात, पण दोन-चार रेषांनंतर सगळ्यांना ते जमायला लागतं आणि मग त्यांनाच मजा येते.

मराठीत मॅप काढताना एक छोटी गोष्ट सांभाळायला लागते. आपलं लिहिण्यातलं वाक्य क्रियापदाने संपतं, आणि मॅपमध्ये क्रियापद मधल्या रेषेवर असतं. पण बोलताना आपण सर्रास 'गच्चीवर पडतं पाऊसपाणी', 'ठराव लागतो सर्वसाधारण सभेचा' असं बोलतोच, त्यामुळे रेषेवरचं वाक्य मोठ्याने वाचून बघायचं, बोलल्यासारखं वाटलं की बरोबर. आणि प्रत्ययाची अडचण येते तेव्हा 'मुळे', 'साठी', 'शिवाय' हे सरळ रेषेवर घ्यायचे, चौकोनात नाही. 'वॉटरप्रूफिंग', मग रेषेवर 'च्या आधी धुवायची नाही', मग 'गच्ची'. जरा वाकडं दिसतं पण वाचताना कुणी अडत नाही.

आता आमच्या मॅपमधल्या ज्या रेषांनी खरं काम केलं त्या सांगते.

एक चौकोन होता 'कबुतरं'. हा कुणी गंभीरपणे लावला नव्हता, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की गच्चीवर कबुतरांचा उच्छाद आहे, मला चढवत नाही, म्हणून लावला आणि पार्किंगमध्ये पडून होता. दुसऱ्या टोकाला होता 'बोअरच्या पाण्याची प्रत'. या दोघांमध्ये रेष ओढायचं मनात आलं ते फिल्टरच्या चर्चेत. गच्चीवरचं पाणी बोअरकडे सोडायचं म्हणजे गच्चीवर जे काही पडलंय ते सगळं पाण्याबरोबर येणार, कबुतरांची घाण आधी. म्हणून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायची सोय पाईपला लागते आणि गच्ची मेअखेर धुवून घ्यावी लागते, आणि ते पुरेसं नाही, दाणे घालणं बंद व्हायला लागतं. दाणे घालतात ए विंगमधले एक काका, श्रद्धेने घालतात, त्यांच्याशी याआधी स्वच्छतेवरून बोलणं झालं होतं आणि त्यातून फक्त मनं दुखावली गेली होती. या वेळी मी त्यांना शीटपाशी नेलं आणि रेष वाचून दाखवली, काका, हे दाणे इथे, कबुतरं इथे, घाण, पाईप, आणि हे आपलं सगळ्यांचं बोअर. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "असं असेल तर मी घालत नाही, माझ्या नातवाच्या आंघोळीचं पाणी आहे ते."

अशा रेषेला क्रॉस-लिंक म्हणतात, मॅपच्या एका भागातून लांबच्या दुसऱ्या भागात जाणारी. नोव्हाक यांच्या मते नवीन काहीतरी सुचल्याची खूण बहुतेकदा हीच असते. माझा अनुभव अगदी तसाच आहे, मॅप झाल्यासारखा वाटला की मी मुद्दाम दोन लांबचे चौकोन उचलते आणि विचारते, यांच्यात काही आहे का?

दुसरी क्रॉस-लिंक पैशाची होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे रिपेअर फंडातलं वेगळं काम होतं, त्याचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा, अजेंड्यावर त्याचा विषय वेगळा, ते दिवाळीनंतर करायचं असं चाललं होतं. मॅपवर 'गच्चीचा उतार' या एकाच चौकोनाला दोन्हीकडून रेषा आल्या. वॉटरप्रूफिंगवाला कोबा नवीन करणार म्हणजे तो उतार बदलणार, आणि उतार ठरवतो पाणी कुठल्या पाईपला जाणार. म्हणजे आधी पाईपचं काम करून मग कोबा केला तर पाणी भलत्याच कोपऱ्यात साचायचा धोका. शिवाय वॉटरप्रूफिंगची केमिकलं ताजी असताना त्यावरचं पाणी बोअरला सोडायचं नाही. मग दोन्ही कामं एकाच सभेत एकत्र मांडली, वॉटरप्रूफिंग अलीकडे ओढलं, आणि ते पूर्ण वाळल्यावर पाईप. एप्रिलमध्ये गच्चीवर वाळवणं असतात, कुरडया, पापड, सांडगे, तोही एक चौकोन होता बरं का, आणि काकूंनी आपणहून वाळवणाची गच्ची सी विंगची ठरवून टाकली.

तिसरी रेष होती खाली जमिनीत. 'शोषखड्डा' आणि 'बोअर' यांच्यामध्ये सगळ्यांनी आरामात लिहिलं होतं 'भरतो'. शोषखड्डा भरतो बोअर. मी विचारलं, हे कुणाला नक्की माहितीये? कुणालाच नव्हतं. आपल्या पुण्याच्या खालचा खडक दख्खनचा बेसाल्ट, त्यात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे झिरपत नाही, ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगा-फटींमध्ये असतं. जिथे अखंड काळा पाषाण लागला तिथे खड्डा खणलात तर पाणी नुसतं उभं राहील, डास होतील. आणि भेग कुठे जातेय त्यावर ठरतं की तुमचं मुरवलेलं पाणी तुमच्या बोअरला मिळणार की खालच्या उताराला, राम नदीच्या बाजूला कुठल्यातरी दुसऱ्या सोसायटीला. (दुसऱ्यांना मिळालं तरी वाईट नाहीच, पण सभेत ते सांगून पैसे मागायला हवेत.) त्या रेषेवर आम्ही 'भरतो' खोडून मोठं प्रश्नचिन्ह काढलं, आणि भूजलाच्या माणसाला बोलावून जागा दाखवायची हे खर्चात धरलं. त्यांनी खड्ड्याची जागा बदलायला लावली. माझ्या दृष्टीने सगळ्या शीटमधली सगळ्यात महत्त्वाची रेष हीच होती, आणि चौकोन तर दोन्ही पहिल्या दिवसापासून कागदावर होते.

हिशोबही तिथेच रेषेवर लिहिले. 'गच्ची' आणि 'पाणी' यांच्या मध्ये 'देते' एवढं लिहून सभेत कुणी ऐकत नाही, किती देते ते लागतं. पुणे शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास धरा, गच्ची हिशोबाला सोपी म्हणून १००० चौरस मीटर धरा, गुणाकार केला की ७०० घनमीटर, त्यातलं वाफ होणं, पहिलं पाणी सोडणं वगैरे वजा करून ८० टक्के हाती लागतं असं धरलं तर ५६० घनमीटर, म्हणजे ५ लाख ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ५६ टँकर. एवढं सगळं पाणी मे महिन्यात परत मिळेल असं अजिबात नाही, वर सांगितलेली खडकाची भानगड आहेच, पण 'पाऊस पडतो त्याने काय होणार' म्हणणारे हा आकडा वाचून खुर्ची पुढे ओढून बसले. महापालिका हार्वेस्टिंगसाठी मिळकत करात सवलत देते तो चौकोनही होता, त्याच्या रेषेवर बरेच दिवस प्रश्नचिन्ह होतं, कुठले कागद लागतात ते कळेपर्यंत.

मॅप झाला म्हणजे प्लॅन झाला असं नाही. हे मी ठासून सांगते, कारण सुंदर मॅप काढून थांबणारे लोक मी बघितलेत. मॅपवरून प्लॅन काढावा लागतो, आणि रेषांवर नीट क्रियापदं असली तर ते काम जवळजवळ आपोआप होतं. मी तीन रंगांची पेनं घेऊन बसले. ज्या रेषांवर 'शिवाय सुरू होत नाही', 'च्या आधी', 'नंतरच' असं काही आहे त्या लाल केल्या, त्या सगळ्या लाल रेषा एकामागून एक लावल्या की वेळापत्रक तयार, आणि सगळ्यात लांब लाल साखळी कुठली ते बघितलं की कळतं उशीर कशाने होणार. आमच्याकडे ती साखळी सभेच्या नोटीशीपासून ठराव, ठरावापासून वॉटरप्रूफिंग, तिथून पाईप अशी जूनपर्यंत जात होती, म्हणजे खड्डा खणायला किती दिवस लागतात याची जी काळजी चालली होती ती बिनकामाची होती, सभेची नोटीस लवकर काढणं महत्त्वाचं होतं. ज्या रेषांवर कुणीतरी माणूस काहीतरी 'देतो', 'करतो', 'सही करतो' आहे त्या निळ्या, ती झाली जबाबदारीची यादी. आणि प्रश्नचिन्हाच्या रेषा हिरव्या, ती फोन करायची यादी. मग सेक्रेटरी काकांनी हे सगळं आपल्या एक्सेलमध्ये घेतलं आणि तिथून पुढे एक्सेलवरच काम चाललं, ते योग्यच होतं, रोजचा हिशोब भिंतीवरच्या शीटवर ठेवता येत नाही.

एखाद्या विषयावर लिहायचं असेल तेव्हाही मी असंच करते. आत्ताच शेजारच्या वाचनालयासाठी पुण्याच्या पाण्यावर एक छोटं टिपण लिहिलं, त्यात सनावळी मांडली असती तर सोपं होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं तळं बांधून तिथून नळाने नुसत्या उतारावर गावातल्या पेठांच्या हौदांपर्यंत पाणी आणलं, मग इंग्रजांच्या काळात १८७९ ला खडकवासला धरण पूर्ण झालं, मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. असं एकाखाली एक लिहिलं की ते शाळेच्या पुस्तकासारखं होतं. मॅपवर मात्र 'पूर' या चौकोनातून एक रेष 'घरं' या अगदी दुसऱ्या भागात गेली, कारण नदीकाठच्या पेठांमधल्या हजारो पूरग्रस्तांना नवीन वसाहती द्याव्या लागल्या, गोखलेनगर, सहकारनगर ही नावं त्यातलीच. आणि 'वाढलेलं शहर' या चौकोनातून रेष परत 'धरणं' कडे आली, 'मागतं जास्त पाणी'. टिपणाचा विषयच मला तिथे सापडला, की या शहराचं पाणी आणि त्याची वस्ती एकमेकांना कसं ढकलत आलेत. परिच्छेदांचा क्रम मग मी त्या रेषांवरूनच लावला, जिथे रेष जाड तिथे परिच्छेद मोठा.

भाचीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, तिला वाटत होतं की परीक्षेच्या अभ्यासालापण मॅपच काढत बसावं, तिला मी जरा थांबवलं. पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा २०११ मध्ये 'सायन्स' मासिकात एक अभ्यास आला होता, त्यात मजकूर समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. मॅपवाल्यांना हे आवडलं नाही, पण मला ते पटतं, पुस्तक उघडं ठेवून मॅप काढताना आपण बरंचसं नुसतं उतरवत असतो. २०१४ मध्ये त्याच दोघांनी दाखवलं की पुस्तक बंद करून आठवून मॅप काढला तर तोही आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी पडतो. तर तिला सांगितलं, बाई, पुस्तक मिटव, मग काढ, आणि जी रेष आठवत नाही ती रिकामी सोड, तीच तुझी उजळणी. प्रोजेक्टच्या रिपोर्टसाठी मात्र सगळे पेपर समोर ठेवून खुशाल काढ, तिथे लक्षात ठेवायचं नाहीये, जुळवायचं आहे.

जिथे काम सरळ रेषेत आहे तिथेही मॅपची गरज नाही. पासपोर्ट रिन्यू करायचाय, घर शिफ्ट करायचंय, यादी करा आणि कामाला लागा. एकमेकांत गुंतलेली माणसं आणि गोष्टी असतील तरच याचे कष्ट वसूल होतात.

साधनं. कान्यास ज्या संस्थेत काम करायचे त्या फ्लोरिडाच्या आयएचएमसीने सीमॅपटूल्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय, त्याची एक गोष्ट मला फार पसंत आहे, एका चौकोनातून ओढून दुसरा काढला की रेषेवर शब्दांची रिकामी जागा आपोआप येते आणि ती भरायची राहिली की डोळ्यात खुपते. नासाच्या एम्स केंद्रातल्या लोकांनी मंगळाबद्दलची माहिती यातच मॅप करून मांडली होती. ड्रॉ डॉट आयओ ब्राउझरमध्ये चालतं, त्यात मराठी व्यवस्थित टाइप होतं, ऑनलाइन मीटिंगला मी ते घेते. मोबाईलवर करू नका, छोट्या स्क्रीनवर लांबचे दोन चौकोन एका वेळी दिसत नाहीत आणि मग क्रॉस-लिंक सुचणार कशी. आणि माणसं एका खोलीत जमणार असतील तर कागद, चिठ्ठ्या आणि पेन्सिल. चिठ्ठी हलवता येते, पेन्सिलीची रेष खोडता येते, आणि ज्यांना कॉम्प्युटरपुढे संकोच वाटतो ते पण उठून लिहितात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नंतर स्वतःच्या हाताने दोन चिठ्ठ्या लावल्या.

सध्या आमच्याकडे नवीन शीट चालू आहे, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची. प्रश्न लिहायलाच एक अख्खी मीटिंग गेली, 'चार्जर कुठे लावायचे' पासून निघून 'चार्जिंगची वीज कोणाच्या मीटरवर आणि कोणाच्या पैशाने' इथवर आलो आहोत. मंजूर लोड, ट्रान्सफॉर्मर, केबलचा मार्ग, ज्यांचं पार्किंग उघड्यावर आहे ते लोक, आगीची भीती, भाडेकरू, असे सगळे चौकोन लागलेत. भाडेकरूंना ही सोय मिळणार का यावर रेषेवर दोघांनी दोन वेगळी क्रियापदं लिहिलीत, दोन्ही तशीच ठेवलीयेत, सभेत तोच विषय आधी घ्यायचा असं ठरलंय. 'मंजूर लोड' आणि 'चार्जरची संख्या' यांच्यामधली रेष अजून हिरवी आहे, त्यासाठी सेक्रेटरी काका आणि मी सोमवारी महावितरणच्या ऑफिसात जाऊन येणार आहोत.